दोरीवाले डॉक्टर

त्यांच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा आणि माझ्या खोलीबाहेर रिकाम्या खुर्च्या. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही दोघं मणक्याचे सर्जन. खोल्या शेजारी-शेजारी, मधे प्लायवूडची पातळ भिंत. त्या भिंतीतून मला पलीकडचं हसणं ऐकू यायचं. पाठ दुखते म्हणून आलेली माणसं एवढी कशाला हसतात, हे मला कळत नसे. माझ्याकडे कुणी हसत नव्हतं. माझ्याकडे माणसं नीट बसायची, नीट ऐकायची आणि फाइल छातीशी धरून निघून जायची.

चपला बाहेर काढा, असं त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पण आत टेबल नव्हतंच. जमिनीवर एक विटलेली चादर अंथरलेली असायची आणि डॉक्टर अनवाणी, मांडी घालून तिच्यावर बसलेले असायचे. दारात हे दृश्य दिसलं की माणूस आपोआप चपला काढायचा. मग ते म्हणायचे, "या. बसा खाली. जमंल तसं बसा." पेशंट कसा बसतो, कशाला धरतो, उठताना कुठला हात कुठं टेकतो, हे ते बघत राहायचे. एमआरआयचं पाकीट तोवर बाजूला पडलेलं. नंतर ते पेशंटला घेऊन फाटकापाशी चहाच्या टपरीवर चालत जायचे. मणक्यात नस दबली असली की माणूस थोडं चालून थांबतो, पुढे वाकतो, मग परत चालतो. तो कुठं थांबतो ते त्यांना बघायचं असायचं. चहा मात्र ते खरोखरच प्यायचे, आणि पेशंटलाही पाजायचे.

अक्कलकोटकडच्या माणसांशी ते कानडीत बोलायचे, पूर्व भागातल्या विणकर बायकांशी तेलुगूत, विजापूर वेशीतल्या लोकांशी दखनी उर्दूत. तिन्ही भाषा सारख्याच वाईट. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि त्यांचे शब्द दुरुस्त करायच्या. ते बघून मी कानडीची शिकवणी लावली. माझं व्याकरण चांगलं झालं, उच्चारही. पेशंट मात्र माझ्या कानडीला मराठीत उत्तर द्यायचे.

ते कॉलेजात माझ्या काही वर्षं पुढे होते. मला इतक्या वर्षांनंतरही "काय बे" म्हणूनच हाक मारायचे, पेशंटसमोरसुद्धा.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण दोरी माझी होती.

दोरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. मणका सरकायला लागला की त्याला धरून ठेवण्याचा नेहमीचा मार्ग असा, की दोन मणक्यांत स्क्रू घालायचे आणि ते धातूच्या सळईनं एकमेकांना जखडायचे. हळूहळू हाडाला हाड जुळतं आणि तो सांधा कायमचा बंद होतो. दुखणं थांबतं. पण तिथलं वाकणं संपलं की तो भार वरच्या-खालच्या मणक्यांवर जातो, आणि काही माणसांचे ते मणके मग पुढे कुरकुरू लागतात. दुसऱ्या प्रकारात स्क्रू तसेच, पण मधे सळईऐवजी ताणून बसवलेली मजबूत दोरी, आणि त्या दोरीवर ओवलेली प्लास्टिकसारखी नळी. दोरी मणक्यांना फार लांब जाऊ देत नाही, नळी फार जवळ येऊ देत नाही. मणका धरला जातो आणि थोडा हलतोही. सगळ्यांना हे चालत नाही. हाड ठिसूळ असलं की स्क्रू ढिले होतात. माणूस निवडावा लागतो.

हे मी जर्मनीत शिकून आलो होतो. आमच्या भागात त्याआधी कुणी ते केलेलं नव्हतं. परत आल्यावर गावातल्या डॉक्टरांपुढे मी त्यावर भाषण दिलं. ते पहिल्या रांगेत बसून शेंगा फोडत होते. भाषण संपल्यावर त्यांनी हात वर केला. "ही दोरी कंटाळते का बे?"

सगळे हसले. मी काहीतरी तुटक उत्तर दिलं. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की प्रश्न अगदी नेमका होता. लाखो वेळा ताणली-सैलावली गेलेली दोरी थकते का, यावर जर्मनीतल्या माझ्या गुरूंनी आम्हाला भंडावून सोडलं होतं. मी तो प्रश्न भाषणातून गाळला होता, कारण माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. "मला शिकव," म्हणाले. मी शिकवलं. पहिल्या काही ऑपरेशनांना मी त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांचे हात मोठे, बोटं जाड, नखांच्या कडा शेंगांच्या टरफलांनी खरवडलेल्या. स्क्रूची वाट करताना मी पडद्यावरचा एक्स-रे बघतो, परत हात बघतो, परत एक्स-रे. ते डोळे मिटून थांबायचे, हाडाचा अंदाज बोटांत घ्यायचे आणि मग एकदाच आत जायचे. नंतर एक्स-रे काढला की स्क्रू जिथं हवा तिथंच असायचा. मी जर्मनीत मोठमोठ्या सर्जनांचे हात बघितलेत. असा हात बघितला नव्हता. आणि त्या हाताला शिकवत होतो मी.

थोड्याच काळात गावात त्याला दोरीचं ऑपरेशन म्हणायला लागले आणि त्यांना दोरीवाले डॉक्टर. मोहोळच्या एक बाई चुकून माझ्या खोलीत शिरल्या. "दोरीवाले डाक्टर हितंच बसत्यात न्हवं?"

"दोरी मीही बसवतो," मी म्हणालो.

"बसवत असाल की," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पर आमाला त्येंच्याकडं दाखवायचंय."

त्यांच्याकडे ठिबकच्या नळीचा एक तुकडा आणि सुतळी असायची. सुतळी नळीतून ओवून, दोन्ही टोकं पेशंटच्या दोन मुठीत देऊन ते म्हणायचे, "वाकव. आता ओढ. कळलं?" माझ्याकडे त्रिमिती चित्रफीत होती, कॉम्प्युटरवर. ती बघून पेशंट विचारायचे, "मंजी हे पोटात बसवत्यात का?"

पण त्यांचं खरं हत्यार एक प्रश्न होता. तो ते प्रत्येकाला विचारायचे. "कशासाठी वाकायचंय?"

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ आधी माझ्याकडे आला होता. चाळिशीचा, काटक माणूस. मणका जरासा सरकलेला, पायात कळ. मी त्याला सळई सांगितली, आणि मी जे सांगितलं ते चूक नव्हतं. तो उठून शेजारच्या खोलीत गेला. भिंतीपलीकडून प्रश्न ऐकू आला.

"मेंढरं कातरायची असत्यात," तो म्हणाला.

"दिवसभर वाकून?"

"न्हाय न्हाय. कसं सांगू आता? बघितल्याबिगर न्हाय कळायचं तुमास्नी."

रविवारी हे महाशय त्याच्या वाडीवर गेले. दिवसभर त्याला कातरताना बघत बसले. सोमवारी माझ्या खोलीत येऊन जमिनीवर गुडघे टेकून, एका काल्पनिक मेंढराला मांड्यांत धरून मला दाखवायला लागले. "बघ बे. तो वाकत नाही. तो अर्धवट वाकलेला राहतो आणि तिथल्या तिथं डोलतो. सळई टाकली तर वरचा मणका दोन हंगामात जाईल. याला दोरीच पाहिजे."

बाहेर माझे पेशंट बसले होते आणि दार उघडं होतं.

मेंढपाळाला दोरी बसली. पुढच्या हंगामात तो घोंगडं घेऊन आला, ते खांद्यावर टाकून डॉक्टर भर उन्हाळ्यात वॉर्डातून हिंडले. माझ्या पेशंटांची पाठही बरी होत होती. कुणी मला काही आणून द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण घोंगड्याचा वास महिनाभर त्या भिंतीतून येत राहिला.

त्यांना दोरीचं वेड होतं असं म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसंही नव्हतं. मार्केट यार्डातला एक हमाल दोरीच पाहिजे म्हणून हटून बसला, तर त्यांनी त्याला साफ नाही म्हटलं. "तुला पोती उचलायचीत. तुला सळई. शेजारी जा, ते माझ्यापेक्षा सुबक टाकतात." हमाल माझ्याकडे आला तो पडेल चेहऱ्यानं.

मग एकदा त्यांची दोरी फसली. होटगीच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या पाठीतले स्क्रू ढिले झाले आणि त्याला परत टेबलावर घ्यावं लागलं. आमच्या डॉक्टरांच्या दर महिन्याच्या बैठकीत असल्या गोष्टी कुणी काढत नाही. तिथं सगळे आपापले चांगले एक्स-रे दाखवतात. त्या महिन्यात ते उठले आणि त्यांनी तोच एक एक्स-रे लावला. "हाड मऊ आहे हे मला आत गेल्यावर बोटाला कळलं होतं," ते म्हणाले. "तरी मी दोरी बसवली. माणूस आवडला होता. त्याला बागेत खुरपायचं होतं. मी त्याचं ऐकलं, हाडाचं ऐकलं नाही."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. मी पण वाजवली. त्याच बैठकीत मी माझ्या यशस्वी ऑपरेशनांची मालिका दाखवली होती. मला काही चुकलेलं दाखवायचं सुचलं असतं, तरी माझ्या चुकीला टाळ्या मिळाल्या नसत्या.

आता आईचं.

वडील गेल्यावर आई वैरागचं घर बंद करून आमच्याकडे सोलापूरला राहायला आली. काही वर्षांनी तिचा पाय दुखायला लागला. देवळापर्यंत जाणारी बाई कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबायला लागली. मी तिचा एमआरआय केला. मणका थोडा सरकलेला, नस दबलेली, हाडं वयाच्या मानानं घट्ट. दोरीसाठी पुस्तकातल्यासारखी केस. आपल्या माणसावर आपण शस्त्र धरू नये असा आमच्यात रिवाज आहे. पुण्याला माझा एक मित्र होता. मी त्याला फोन लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "पुण्याला कशाला? तुज्या शेजारी बसत्यात, त्येंनाच दाखव की."

"तुला कुणी सांगितलं त्यांच्याबद्दल?"

"समद्या गल्लीला ठावं हाय."

बायको म्हणाली, "अहो, दाखवा ना. त्यांच्याइतका हात आहे का कुणाचा?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून भाजी ढवळायला लागली.

मी आईला त्यांच्याकडे सोडलं आणि माझ्या खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आई हसली. ती अशी मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसते, हे मी विसरूनच गेलो होतो.

संध्याकाळी ते आले, टेबलाच्या कडेवर टेकले. "दोरी. तुझं बरोबर आहे."

"आईनं काय सांगितलं? कशासाठी वाकायचंय म्हणाली?"

"नखं कापायला."

"म्हणजे?"

"पायाची नखं. स्वतःच्या हातानं. हात पोचत नाही तिचा. सुनेला सांगायची लाज वाटते, तुला सांगायचा प्रश्नच नाही. म्हणून मोजे घालून हिंडती घरात. बघितलं नाहीस का बे?"

बघितलं होतं. मोजे मीच आणून दिले होते. फरशी गार लागती, असं ती म्हणाली होती.

ऑपरेशन त्यांनी केलं. छान झालं. आई परत देवळापर्यंत जायला लागली. दुपारी व्हरांड्यात पाय दुमडून बसायची, नखं कापायची, आणि मी आलो की पाय पदराखाली घ्यायची. दर आठवड्याला ती त्यांच्यासाठी धपाटे आणि शेंगाचटणी पाठवायची, माझ्याच हाती. चटणी तीच माझ्याही डब्यात असायची. पण त्यांच्या डब्याला ती स्वच्छ फडकं बांधायची, गाठ मारून. गाडीत शेजारच्या सीटवर तो फडकं बांधलेला डबा ठेवून मी रोजच्या रस्त्यानं हॉस्पिटलला जायचो, आणि सिग्नलला थांबलो की तो माझ्याकडे बघतोय असं वाटायचं.

त्यांच्या हातातून चहाचा ग्लास पडला तेव्हा मी समोर होतो. काही दिवसांनी दुसरा पडला. मग शर्टाची बटणं लावायला ते वॉर्डातल्या मामांना सांगू लागले. आम्ही आयुष्यभर खाली मान घालून उभं राहणारी माणसं. आमच्यातल्या काहींची मानच जाते. त्यांच्या मानेत मज्जारज्जू दबला होता. हे मला कळलं, त्यांनाही कळलं होतं. ते माझ्याकडे येतील म्हणून मी वाट बघत होतो. ते हैदराबादला गेले आणि ऑपरेशन करून आले.

मानेत दोरी चालण्यासारखं नव्हतं. पट्टी आणि स्क्रू लावून मान जखडलेली. बाजूला बघायचं तर त्यांना अख्खं वळावं लागे. "आता लाज वाटली तरी मान खाली घालता येत नाही," ते सगळ्यांना सांगत सुटले. चालणं सुधारलं, पण बोटांतली बधिरता गेली नाही. त्यांनी शस्त्रक्रिया बंद केली. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

मी एकदा विचारलंच. "मला का नाही सांगितलं? मी केलं असतं."

ते पूर्ण वळले. "तू केलं असतंस, चांगलंच केलं असतंस. आणि मग रोज भिंतीपलीकडून मी खोकलो तरी तुला वाटलं असतं, आपलं काही चुकलं. तुला तेवढंच काम राहिलं असतं बे."

होटगीकडे त्यांची थोडी जमीन होती, तिथं ते राहायला गेले. मधली भिंत काढून हॉस्पिटलनं दोन्ही खोल्या मला दिल्या. आता माझ्या दारात गर्दी असते. बरेच जण आल्या आल्या सांगतात, "त्येंनीच पाठवलंय." माझी फी देतात, माझ्या टेबलासमोर बसतात, आणि त्यांची तब्येत कशी आहे ते मला विचारतात.

काही वर्षं गेली. आईची कंबर परत दुखायला लागली. वयानं तिची हाडं विरळ झाली होती आणि खालचा एक स्क्रू ढिला झाला होता. एक्स-रे घेऊन मी होटगीला गेलो. ते दारात उन्हात बसले होते. फिल्म उजेडाकडे धरून बघायला त्यांना खुर्चीत मागं रेलावं लागलं. बराच वेळ बघत होते.

"ढिला झालाय," ते म्हणाले. "माझा."

"वय झालं तिचं. तेव्हा हाड चांगलं होतं."

"हो. तरी माझाच." फिल्म त्यांनी मांडीवर ठेवली. "आता दोरी काढून सळई टाकावी लागेल."

"पुण्याला नेतो."

"ती येणार नाही. तू कर."

"आई आहे माझी."

"ते मला माहीताय. मी येतो. हात लावणार नाही, बोलणार नाही. नुसता उभा राहतो."

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "डाक्टर असतील न्हवं तितं?"

"असतील."

"मग कर जा काय करायचं ते."

ते आले. टोपी-मास्क घालून माझ्यासमोर, जरा मागं, एका स्टुलावर बसले. त्यांना खाली वाकून बघता येत नव्हतं, म्हणून ते पडद्यावर बघत होते. दोरी कापून काढली. ती थकलेली नव्हती. जुने स्क्रू काढताना खालचा एक हातानं फिरवताच बाहेर आला. त्या भोकात नवा स्क्रू धरणार नाही हे मला कळलं, आणि मी थांबलो. त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते दिसलं होतं. बोलायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. मान हलवता येत नाही, तेव्हा हो-नाहीचाही प्रश्न नव्हता. फक्त डोळे माझ्यावर होते.

मग मी डोळे मिटले आणि हाडाचा अंदाज घेतला. आजूबाजूची घट्ट जागा शोधली, जाड स्क्रूसाठी वेगळ्या कोनातून वाट केली, भोवती हाडांचं सिमेंट भरलं. स्क्रू धरला. दुसऱ्या बाजूचा पण धरला. मी वर बघितलं तेव्हा स्टूल रिकामं होतं.

"कुठं गेले?" मी सिस्टरना विचारलं.

"चहाला गेले, सर. मघाशीच."

मघाशी म्हणजे कधी, पहिला स्क्रू धरण्याआधी की नंतर, ते मी विचारलं नाही. सळई बसवली, टाके घातले.

आईला रिकव्हरीत हलवलं. मी तसाच, टोपी-मास्कमध्ये, तिच्या उशाशी उभा राहिलो. तिनं डोळे अर्धवट उघडले. भूल पुरती उतरलेली नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो घट्ट धरला, असा तिनं माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नाही.

"डाक्टर," ती म्हणाली.

मी जरा खाली वाकलो.

"माजं पोरगं हाय का भाईर?"

"हाय," मी म्हणालो.

"सकाळधरनं काय खाल्लं नसंल बगा त्येनं. त्येचं तसंच हाय, सांगत न्हाय कुनाला. तुमी म्हना त्येला, जेवून घे म्हनावं. तुमचं ऐकंल."

मास्क तोंडावरून खाली न घेता मी म्हणालो, "सांगतो की."

तिनं समाधानानं डोळे मिटले, हात मात्र सोडला नाही.